पहिला वस्तरा घेताना

हल्ली तरुण मुलांकडून एक नवाच प्रश्न कानावर येतो. "डॉक्टर, घरीच वस्तऱ्याने दाढी करायची म्हणतोय. कुठला घ्यावा?" पूर्वी असे कुणी विचारीत नसे. वस्तरा ही न्हाव्याच्या धोकटीतली वस्तू. घरी दाढी करणारे पात्याच्या रेझरवर भागवीत. आता दाढी राखण्याची आणि तिच्या कडा कोरण्याची आवड वाढली आहे. मोबाईलवर चित्रफिती पाहायच्या, तिथेच वस्तरा मागवायचा आणि कुरिअरवाल्याची वाट पाहायची, हे कळंबपासून उमरग्यापर्यंत सर्वत्र चालले आहे. त्यातले काही पुढे गालावर ओरखडे किंवा मानेवर पुरळ घेऊन दवाखान्यात येतात.

वस्तऱ्याची निवड हा दुकानदाराचा विषय, त्यात डॉक्टरांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण असा विचार करा. निरोगी माणूस आपल्या हाताने आपल्या कातडीवर धारदार पोलाद टेकवतो, असे काम दाढीशिवाय दुसरे कोणते? चेहऱ्याच्या कातडीचा सर्वांत वरचा थर साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. दाढी करताना केसांबरोबर या थराचाही थोडा भाग खरवडला जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात आणि जंतूंना तेवढी वाट पुरते. म्हणून वस्तरा कोणता, त्याची धार कशी आणि तो कुणाकुणाच्या गालावरून फिरला, हे तिन्ही प्रश्न आरोग्याचे आहेत.

जुनी विद्या

धारेचे महत्त्व आपल्याकडे फार जुन्या काळापासून ओळखले गेले आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा स्वतंत्र अध्याय आहे. हत्यार केस कापू शकेल इतके तीक्ष्ण असेल तेव्हाच ते वापरावे, असे त्यात सांगितले आहे. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार टिकवण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, फळी वापरावी असेही त्यात आहे. आज जगभर वस्तऱ्याची निगा याच दोन पायऱ्यांनी राखतात. आधी दगड, मग पट्टा. काटेसावरीच्या फळीची जागा चामड्याने घेतली, एवढाच फरक.

गावगाड्यात ही विद्या बलुतेदार नाभिकांनी सांभाळली. धोकटी काखेला मारून घरोघरी जायचे, ओसरीवर बसून दाढी-डोई करायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, असा तो व्यवहार होता. गळू फोडणे यांसारखी बारीकसारीक कामेही अनेकदा त्यांच्याकडेच असत. या वस्तऱ्याला सामाजिक इतिहासही आहे. विधवांचे केशवपन करण्यासाठी आपला वस्तरा उचलणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी १८९० साली केला. त्यामागे सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता.

युरोपात इंग्लंडचे शेफील्ड आणि जर्मनीचे झोलिंगन ही गावे वस्तऱ्यांसाठी नावाजली गेली. अमेरिकेत किंग जिलेट यांना १९०४ साली बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले आणि वस्तरा घराघरांतून हळूहळू मागे पडला. तो आता हौसेपोटी परत येत आहे. हौसेला डॉक्टरची हरकत नाही, पण हौसेबरोबर जाणही हवी. नाहीतर माकडाच्या हाती कोलीत अशी गत व्हायची.

वस्तरा कुणी घेऊ नये

आधी नकाराची यादी पाहू.

मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी उघड्या वस्तऱ्याच्या नादी लागू नये. त्यांची जखम सावकाश भरते आणि लवकर चिघळते. हृदयाच्या किंवा अर्धांगाच्या आजारानंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही टाळावे. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन ही त्यांपैकी नेहमीची नावे. अशा माणसाची लहानशी कापही बराच वेळ वाहते. दाढीसाठी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. गोळी चालू ठेवावी आणि विजेवर चालणारे यंत्र वापरावे.

हात थरथरणारे, फिट येणारे, नजर कमी झालेले आणि सकाळी हात थरथरेपर्यंत दारूच्या आहारी गेलेले, यांच्यासाठीही वस्तरा नाही. जखमेवर जाड, उंच वण येण्याची ज्यांच्या शरीराची ठेवण आहे, त्यांनी सावध राहावे. तोंडावर मुरुमे पिकलेली असताना किंवा ओठाच्या कडेला तापाच्या पुळ्या उठलेल्या असताना, नेहमी वस्तरा वापरणाऱ्यानेही तो बाजूला ठेवावा. या पुळ्यांचे विषाणू पात्याबरोबर साऱ्या गालावर पसरू शकतात.

मिसरूड नुकतेच फुटलेल्या मुलांना माझा सल्ला असा, की आधी दोन-तीन वर्षे साध्या सेफ्टी रेझरवर हात बसवा. वस्तऱ्याने दाढी लवकर आणि दाट येते या समजुतीला आधार नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली दाढीच्या केसांचा पद्धतशीर अभ्यास करून दाखवले, की दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढ बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच.

वस्तरे किती प्रकारचे

बाजारात वस्तरा म्हणून मिळणाऱ्या वस्तूंचे तीन गट पडतात.

पहिला, पाते बदलण्याचा. सलूनमध्ये आज बहुतेक ठिकाणी हाच दिसतो. नेहमीचे दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग यात बसवतात. किंमत कमी, धार लावण्याची कटकट नाही आणि पाते दर वेळी नवे. स्वच्छतेच्या दृष्टीने हा सर्वांत चांगला. मात्र हा हलका असतो आणि याचे पाते पातळ व अतिशय तीक्ष्ण असते. हात जरा वाकडा पडला की कातडी कापते. अस्सल वस्तऱ्यापेक्षा चुकीला क्षमा कमी.

दुसरा, अखंड पोलादाचा अस्सल वस्तरा. धार त्याच्याच अंगची. वजनामुळे तो हातात स्थिर राहतो आणि नीट धार लावलेला असेल तर गालावरून मऊपणे सरकतो. पण त्याला दर वेळी पट्टा आणि काही महिन्यांनी दगड लागतो. तो महाग असतो आणि त्याची निगा राखणे हे व्रतच म्हणावे लागेल.

तिसरा गट फसव्यांचा. दिसायला हुबेहूब वस्तरा. मुठीवर नक्षी, पात्यावर सिंह नाहीतर तलवार, सोबत मखमली डबी आणि किंमत तीन-चारशे रुपये. अशांपैकी बहुतेकांचे पोलाद धार धरीत नाही आणि आलेल्या धारेने केस कापण्याऐवजी ओढले जातात. अशा खरेदीत दुकानदार आपलीच बिनपाण्याने करतो. कातडीची चाळण होते ती वेगळीच.

मग घ्यावा कोणता? फक्त दाढीच्या कडा आणि मानेची रेघ नीट करायची असेल तर पहिल्या प्रकारचा घ्यावा. पाते घट्ट पकडणारा, पात्याची दोन्ही टोके झाकणारा आणि मिटल्यावर धार पूर्ण आत जाणारा बघावा. पाते आत हलत असेल तर तो वस्तरा फुकट मिळाला तरी नको. ज्याला खरोखर ही विद्या शिकायची आहे, रोज दहा मिनिटे द्यायची तयारी आहे आणि खिशाला काही हजारांचा भार सोसतो, त्याने दुसऱ्या प्रकाराकडे वळावे. बाकीच्यांनी सेफ्टी रेझर वापरावा, त्यात कमीपणा काही नाही.

अस्सल वस्तरा कसा पारखावा

पात्याची रुंदी आधी पाहावी. पाठीपासून धारेपर्यंत पाच सूत, म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, हे माप नवशिक्याला योग्य. सुतार-गवंड्यांच्या परिचयाचे हे माप इथेही कामी येते. चार सुताचे पाते फार लवकर फिरते आणि सात-आठ सुताचे जड पाते नाकाखाली अडते.

मग टोक. काही वस्तऱ्यांचे टोक चौकोनी, कोपरा सुईसारखा असतो. कडा कोरायला तो बरा, पण कानाच्या पाळीत आणि नाकपुडीत घुसतो तोही हाच कोपरा. पहिला वस्तरा गोल टोकाचाच घ्यावा.

पात्याच्या दोन्ही अंगांना खोलगट तासलेले असते. ही खोली जितकी जास्त तितके पाते पातळ आणि लवचिक. अगदी भरीव पाते धारेला आणायला कठीण जाते आणि फार पातळ पाते नवख्या हाताखाली लवते. मध्यम खोलीचे घ्यावे.

पोलाद दोन जातींचे. साधे कार्बनचे पोलाद लवकर गंजते, पण दगडावर सहज धारेला येते. स्टेनलेस गंजाला दाद कमी देते, पण त्याला धार लावायला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात ओल्या हवेच्या ठिकाणी राहणाऱ्याने किंवा विसरभोळ्या माणसाने स्टेनलेस घ्यावे. निगा राखणाऱ्याला कार्बनचे पोलाद चांगले.

वस्तरा मिटून पाहावा. पाते मुठीच्या बरोबर मध्ये बसले पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर धारही बिघडेल आणि बोटही. खिळा सैल नसावा. सपाट काचेवर वस्तरा आडवा ठेवून पाठ आणि धार दोन्ही टेकतात का पाहावे. पाते पिळलेले असेल तर त्याला सारखी धार कधीच लागत नाही.

आजोबांचा वस्तरा ट्रंकेत सापडला म्हणून आनंदाने येणारेही असतात. असा वस्तरा अनेकदा नव्यापेक्षा सरस निघतो. मात्र धारेपाशी गंजाचे खड्डे किंवा चीर असेल तर तो आठवण म्हणूनच ठेवावा. वरवरचा गंज असेल तर जाणत्याकडून साफ करून धार लावून घ्यावी. नंतर पाते साबणाने धुऊन, ७० टक्के अल्कोहोल असलेल्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून मगच वापरावे. हे द्रावण पेट घेते, तेव्हा चूल, दिवा आणि काडेपेटीपासून दूर. आठवडी बाजारातून जुना वस्तरा घेणाऱ्यालाही हाच नियम.

धार

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. बोथट वस्तरा तीक्ष्ण वस्तऱ्यापेक्षा जास्त इजा करतो. धार कमी असली की माणूस जोर लावतो, त्याच जागेवरून चार वेळा फिरवतो, केस ओढले जातात आणि कातडी सोलते. दवाखान्यात दिसणाऱ्या दाढीच्या पुरळापैकी बरेचसे बोथट पाते आणि कोरडी दाढी यांचेच फळ असते.

दर दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर तीस ते पन्नास वेळा फिरवावा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पाठीवरूनच उलटावा, धारेवरून कधीही नाही. धार पुढे गेली तर पट्टाही कापला जातो आणि धारही मरते. पट्टा ताठ धरावा. तो झोळीसारखा लोंबला तर धार गोल होते.

वस्तरा केस ओढू लागला की त्याला दगड हवा. पाठ आणि धार दोन्ही टेकवून घासले की सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप मिळतो, कारण पात्याची पाठ तेवढ्यासाठीच जाड ठेवलेली असते. नवशिक्याने हे काम स्वतः करू नये, जुन्या कारागिराकडून करून घ्यावे. गल्लीत चाक घेऊन येणाऱ्या शिकलगाराकडे विळी, कात्री जरूर द्यावी, वस्तरा देऊ नये. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ पाते तापते, त्याचे पाणी उतरते आणि मग त्याला धार टिकत नाही.

धार अंगठ्यावर तपासू नये. कोपराच्या खालचा एखादा केस कातडीला न लागता वरच्या वर तुटला, की धार लागली असे समजावे.

पहिला महिना

शिकायला सर्वांत चांगली जागा म्हणजे आपल्या गावातला जुना, जाणता नाभिक. एक दिवस त्यांच्या खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसा. डावा हात काय करतो ते पाहा. कातडी ताणण्याचे निम्मे काम डाव्या हाताचे असते. मग घरी फुगलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावून तो फुगा न फोडता उतरवण्याचा सराव करा. फुगा फुटला तर समजावे, गालाची वेळ अजून आली नाही.

दाढी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे चांगली भिजवावी. भिजलेला केस मऊ पडतो आणि कापायला जोर कमी लागतो. आपल्या भागात बोअरचे पाणी क्षाराचे असते. त्यात साबणाला फेस धरत नाही आणि पात्यावर पांढरे डाग राहतात. तांब्याभर जारचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी दाढीपुरते वेगळे ठेवले तर फरक लगेच जाणवेल.

वस्तरा गालाला साधारण तीस अंशांत धरावा. कोनमापकाची गरज नाही. पाठीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट अंतर पाठ आणि गाल यांच्यामध्ये राहिले म्हणजे झाले. जास्त उभा धरला तर कापते, फार आडवा धरला तर केस ओढतो. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, वजन न देता, छोट्या छोट्या फटक्यांत फिरवावा. धारेच्या दिशेने आडवा कधीही सरकवू नये. काकडी चिरतो तशी ती हालचाल होते आणि खोल काप पडतो.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करावेत, बाकीचे नेहमीच्या रेझरने. दुसऱ्या आठवड्यात जबडा, तिसऱ्यात मान आणि शेवटी हनुवटी व वरचा ओठ. जबड्याच्या हाडावर, दाढा दाबल्यावर गालात जो स्नायू फुगतो त्याच्या पुढच्या कडेला बोट ठेवून पाहा. तिथे नाडी लागते. चेहऱ्याची मोठी धमनी तिथे हाडावरून वर चढते. तिथे घाई नको. मस किंवा तीळ असेल तर त्याला वळसा घालावा. तो वारंवार कापला जात असेल, रक्त येत असेल किंवा रंग-आकार बदलत असेल तर डॉक्टरांना दाखवावा.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा. वस्तरा हातातून सुटला तर तो झेलायचा नाही. मागे सरकायचे आणि पडू द्यायचा. वस्तरा पुन्हा घेता येतो, बोटाची शीर जोडायला मात्र शस्त्रक्रिया लागते.

दाढी झाल्यावर पाते धुऊन, मऊ कापडाने पाठीकडून पुसून कोरडे करावे, शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा आणि लहान मुलांच्या हाताला न लागेल अशा बंद जागी ठेवावे. मोरीतल्या फळीवर ठेवलेला वस्तरा गंजतोही आणि घरातल्या पोराच्या हातीही लागतो.

कापले तर, पुरळ आले तर

बारीक काप असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. घड्याळ लावून दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता. हळद, तंबाखू, चुना, राख यांतले काही भरू नये. काप खोल असेल, कडा उघडत असतील, दहा-पंधरा मिनिटांनी रक्त थांबत नसेल किंवा ओठ, पापणी, कान कापला असेल तर टाके लागतील. दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल, किंवा पाते गंजके-घाण असून पाच वर्षांत घेतलेली नसेल, तर ती घ्यावी. सरकारी दवाखान्यांत टीडी नावाने ती मिळते.

नाक आणि वरचा ओठ या भागातली पिकलेली पुळी वस्तऱ्याने किंवा नखाने फोडू नये. तिथल्या शिरांचा संबंध डोळ्यामागून थेट मेंदूच्या तळाशी आहे. क्वचित का होईना, तो जंतुसंसर्ग जिवावर बेततो.

मानेवर दाढीनंतर उठणारे बारीक, कडक फोड अनेकदा आत वळलेल्या केसांचे असतात. केस कुरळे असणाऱ्यांना हा त्रास जास्त. कातडी फार ताणून, उलट दिशेने, अगदी गुळगुळीत दाढी करण्याच्या हट्टाने तो वाढतो. तीन-चार आठवडे दाढी बंद ठेवावी, कोमट पाण्याचा शेक द्यावा. चिमट्याने केस उपटू नये.

दाढीत गोल, खाजरा, कडेने वाढणारा चट्टा आला तर तो नायटा असण्याची शक्यता असते. तो पाते, टॉवेल, ब्रश यांतून पसरतो. इथे एक कळकळीची विनंती. औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधे एकत्र असलेली ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या क्लोबेटासोल, बेटामेथासोनसारख्या स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतल्या आत पसरत राहतो. अलीकडे आपल्या देशात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा वाढला आहे, त्यामागे या मलमांचा मनमानी वापर हे एक मोठे कारण मानले जाते.

दाढीत रुपयाएवढी जागा गुळगुळीत होऊन केस जातात, त्याला आपण चाई म्हणतो. चाई न्हाव्याच्या वस्तऱ्यातून लागते, असे म्हणून भांडणारे लोक आहेत. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ती वस्तऱ्याने पसरत नाही. त्यात नाभिकाचा दोष नाही.

एक माणूस, एक पाते

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू रक्तातून पसरतात. एचआयव्ही शरीराबाहेर नाजूक असतो. हेपॅटायटिस बीचा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तात, कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो. पात्यावरचे रक्त डोळ्यांना दिसले पाहिजे असेही नाही. अँटिसेप्टिकच्या पाण्यात वस्तरा एकदा बुडवून काढला की तो शुद्ध झाला, हा भ्रम आहे.

म्हणून अस्सल वस्तरा हा एकट्याचा. बाप-लेकाचा, भावाभावांचा नाही. वसतिगृहातल्या खोलीतल्या चौघांचा तर नाहीच. आणि दुकानात पाते बदलण्याचा वस्तरा, प्रत्येक गिऱ्हाइकाला डोळ्यांदेखत नवे पाते. तसे मागण्यात नाभिकाचा अपमान नाही. उलट त्यांच्या हाताचाही प्रश्न आहे. गिऱ्हाईक गेले तरी त्यांचा हात दिवसभर रक्ताच्या संपर्कात असतो. त्यांनी हेपॅटायटिस बीची लस अवश्य घ्यावी. पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. बाळांच्या लसीकरणात ही लस देशभर २०११ पासून आली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही. हेपॅटायटिस सीला लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही आजारांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

तुरटीचेही तसेच. दाढीनंतर ओला खडा गालावर फिरवतात, तोच खडा पुढच्या गिऱ्हाइकाच्या ओल्या ओरखड्यावर फिरतो. घरी आपला खडा आपल्यापुरता ठेवावा. दुकानात तुरटीची पूड करून चिमूटभर कापसावर घ्यावी.

दोन प्रसंगांकडे विशेष लक्ष द्यायला हवे. एक, दहाव्याचे क्षौर. नदीकाठी भावकीतले दहा-पंधरा पुरुष रांगेने बसतात, वेळ थोडा असतो, दुःखाच्या प्रसंगी पात्याची चौकशी करणे कुणाला बरे वाटत नाही. घरातल्या एखाद्या जाणत्या तरुणाने पात्यांचे एक-दोन पुडे आधीच आणून नाभिकांच्या हाती द्यावेत. खर्च किरकोळ, आणि कुणाला काही बोलायला नको. दुसरा प्रसंग जावळाचा. तुळजापूरला आईच्या दारी किंवा आपल्या कुळाच्या देवाला लेकराचे जावळ काढताना नवे पाते आपणच न्यावे. लेकराला ताप असेल, डोक्यात गळवे किंवा खपल्या असतील तर जावळ पुढे ढकलावे. टाळू भरलेली नसेल तर तिथे हात हलका ठेवण्यास सांगावे.

वापरलेली पाती उकिरड्यावर किंवा गटारीत टाकू नका. ती सफाई कामगाराच्या हातात, अनवाणी पोराच्या पायात, नाहीतर जनावराच्या पोटात जातात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यात पाती साठवावीत, डबा भरला की झाकण पक्के चिकटवून, वर "पाती" असे लिहून वेगळा द्यावा. दुधारी पाते अर्धे करायचे असेल तर ते कागदी वेष्टणात असतानाच वाकवून मोडावे. उघड्या पात्याला बोटे लावून मोडण्याच्या नादात बोटे कापून घेणारे बरेच असतात.

तेव्हा तरुण मित्रहो, वस्तरा जरूर घ्या. पाच सुताचा, गोल टोकाचा, मध्यम खोलीचा, जाणत्याच्या हातून धार लावलेला. किंवा साधा पाते बदलण्याचा घ्या. पण घेण्याआधी आपली साखर, आपल्या गोळ्या आणि आपला हात यांचा विचार करा. एक महिना धीर धरा आणि आपला वस्तरा दुसऱ्या कुणालाही देऊ नका, जिवलग मित्राने मागितला तरी. त्याला वाईट वाटेलच, तर एक नवे पाते त्याच्या हातावर ठेवा.